लेडी ग्लेनिसचा वास

रेक्स ड्रिस्कॉलने बोटीला बायकोचं नाव दिलं तेव्हा ग्लेनिसला भरून आलं होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने आपलं नाव सोनेरी अक्षरांत, चांगलं हातभर उंचीचं, चारचौघांना दिसेल असं रंगवून घ्यावं म्हणजे काही थोडंथोडकं कौतुक नव्हतं. पण पुढे बोट जिथे बांधलेली असायची त्या कूलारा क्रीकच्या धक्क्यावर लोक उघडउघड म्हणायला लागले, "आज लेडी ग्लेनिसला जरा जास्तच वास मारतोय, नाही का?" आणि ते कौतुक तिला जड जायला लागलं.

ब्रिस्बेनमधलं घर रेक्सने स्वतःच लिलावात काढलं होतं. लिलाव पुकारणं हाच त्याचा जन्मभराचा धंदा. लोकांची शेकडो घरं त्याने हातोडा आपटून विकली होती. एका शनिवारी स्वतःच्या अंगणात उभं राहून त्याने स्वतःचंही घर विकलं, ग्लेनिसच्या गुलाबांसकट, आणि वर टाळ्या घेतल्या. मग आली ही बेचाळीस फुटी शिडाची बोट, आणि उरलेलं आयुष्य पाण्यावर काढायचा बेत. बेत अर्थातच रेक्सचा. ग्लेनिस रुग्णालयातल्या ऑपरेशन थिएटरमधून नर्स म्हणून नुकतीच निवृत्त झाली होती. रेक्सच्या एखाद्या बेताला नाही म्हणायला जेवढा दम लागतो, तेवढा तिच्यात त्या वेळी उरला नव्हता.

वास पहिल्याच उन्हाळ्यात सुरू झाला. केबिनमध्ये उतरायच्या शिडीवर पाय ठेवला की तो भपकन अंगावर यायचा. कधी ओल्या गोणपाटासारखा कुबट, कधी आंबूस, कधी चक्क तुंबलेल्या मोरीसारखा. कपड्यांना यायचा, उशीला यायचा, सकाळच्या टोस्टलाही यायचा. त्यात ग्लेनिसचं रोज सकाळी डोकं ठणकायचं, मळमळायचं, डोळे चुरचुरायचे. चालायला म्हणून दोन तास किनाऱ्यावर गेली की सगळं आपोआप थांबायचं.

रेक्सला कसलाच वास यायचा नाही.

"समुद्राचा वास आहे गं तो," तो म्हणायचा. "लोक यासाठी पैसे मोजतात."

"समुद्राचा वास बाहेर येतो, रेक्स. हा आत येतो."

"मग शेजारच्या बोटीचा असेल. तो ड्रागो रोज लसूण तळतो."

शेजारचा ड्रागो निवृत्त इलेक्ट्रिशियन होता. उभं आयुष्य त्याने मासेमारीच्या बोटींवरच्या वायरी जोडण्यात घातलं होतं. तो लसूण तळायचा हे खरं. पण लसणाचा वास कुठला आणि हा कुठला, हे सांगायला नाक असावं लागतं असं नाही, नुसतं तोंडावर भोक असलं तरी पुरे. रेक्सचं आरोपाचं बोट नंतर ग्लेनिसच्या ओल्या पोहण्याच्या कपड्यांकडे वळलं, नंतर तिच्या चीजकडे, आणि शेवटी थेट तिच्या नाकाकडे.

"तुझं नाक पहिल्यापासूनच नखरेल. माझ्या आईच्या घरीसुद्धा तुला वास यायचा."

"तुझ्या आईकडे सोळा मांजरी होत्या."

ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने रक्त तपासलं, रक्तदाब बघितला, आणि नवीन जागेचा ताण असेल, असं सांगितलं. रेक्सला एवढा आनंद झाला की त्याने त्या दिवशी जेवण स्वतः केलं. "बघ! ताण!" असं तो दिवसभर म्हणत होता, जणू हा रोग त्यानेच शोधून काढला. मग औदार्याने त्याने उपायही केला. केबिनभर सुगंधी डब्या टांगल्या. लॅव्हेंडर, व्हॅनिला, ताजे धुतलेले कपडे, डोंगरावरची सकाळ. आता केबिनमध्ये उतरलं की एखाद्या नटूनथटून आलेल्या प्रेताला भेटल्यासारखं वाटायचं.

ग्लेनिस मागच्या बाजूच्या छोट्या केबिनमध्ये झोपायची, कारण रेक्स घोरायचा. रेक्स पुढच्या मोठ्या केबिनमध्ये, डोक्यावरची झडप सताड उघडी टाकून.

एप्रिलमध्ये धक्क्यावरच्या बोटवाल्यांच्या क्लबच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले. मावळता कमोडोर नेव्हिल कंटाळला होता, आणि रेक्सला कमोडोर व्हायचं होतं. कमोडोर म्हणजे क्लबचा अध्यक्षच. पण अध्यक्षाला टोपी नसते, कमोडोरला असते. टोपीचं माप रेक्सने आधीच देऊन ठेवलं होतं. नेव्हिल आणि त्याची बायको जॉइस यांना त्याने रविवारी बोटीवर जेवायला बोलावलं. पहाटेपासून केबिनमध्ये धावपळ चालली होती. कॉफीच्या बियांच्या वाट्या ठेवल्या, निलगिरीचं तेल शिंपडलं, तीन सुगंधी मेणबत्त्या लावल्या. टेबलावर कोळंबी, स्कोन म्हणजे भोपळ्याचे छोटे गोडसर पाव, थंडगार बिअर.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. मग जॉइस संडासात गेली. बोटीवरच्या संडासात समुद्राचं पाणी हापसून घ्यावं लागतं. जॉइसने हापसा मारला. नवराबायको हल्ली क्लबातलाच संडास वापरायची, त्यामुळे आठ दिवस पाइपात कोंडून पडलेलं पाणी आणि त्यात मेलेले जीवजंतू एका दमात वर आले, आणि दाराच्या फटीतून जो काही सडक्या अंड्यांचा भपकारा सुटला, त्याने नेव्हिलची कोळंबी तोंडाजवळच थांबली.

रेक्स जराही डगमगला नाही. "ओहोटी आहे ना," तो म्हणाला. "तिवरांच्या चिखलाचा वास. फार नैसर्गिक."

नेव्हिलने खिडकीतून मान वळवून बाहेर बघितलं. पाणी धक्क्याच्या फळ्यांना टेकायला आलं होतं.

"भरती आहे, रेक्स."

"मग भरतीचा असेल."

पाहुणे स्कोन न खाताच उठले. त्यांना अचानक कुठेतरी जायचं होतं. जाताना जॉइसने ग्लेनिसला धक्क्यावर बाजूला घेतलं आणि तिच्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण तुझ्या कपड्यांनासुद्धा येतो. लायब्ररीत तुझ्या बाजूला कोणी बसत नाही, लक्षात आलंय ना?"

ग्लेनिसच्या लक्षात आलं नव्हतं. ती तिथेच धक्क्याच्या खांबाला धरून उभी राहिली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. अडतीस वर्षं तिने थिएटरमध्ये काढली होती, जिथे हात कोपरापर्यंत घासून धुतल्याशिवाय दाराला स्पर्श करायची सोय नव्हती. ती ग्लेनिस आता लायब्ररीत वास मारत होती. रेक्स खाली केबिनमधून ओरडत होता, "जॉइसने नीट हापसलं नसणार! बायकांना जमत नाही ते!"

तिने फोन काढला आणि आयव्ही मावशीला लावला.

आयव्ही मावशी ग्लेनिसच्या आईची धाकटी बहीण. वय एकोणऐंशी. डाउन्सच्या पठारावरच्या एका गावातल्या लोण्याच्या कारखान्यात तिने ऐन उमेदीची वर्षं नाकावर काढली होती. येणाऱ्या प्रत्येक खोक्यातलं लोणी लांब सळईने टोचून बाहेर काढायचं, हुंगायचं, आणि एक शब्द उच्चारायचा. खवट. आंबूस. कुबट. ओशट. कोणत्या शेतकऱ्याच्या गाईने कांद्याची पात खाल्ली आणि कोणाच्या कॅनला गंज आहे, हे ती तालुक्याच्या ठिकाणी बसून सांगायची. त्या काळात तिने अत्तर लावलं नाही, तंबाखूवाल्याशी लग्न केलं नाही, आणि न्याहारीला कोरड्या पावाखेरीज काही खाल्लं नाही. कारखाना बंद पडला, पण सवयी गेल्या नाहीत.

मंगळवारी ती बसने आली. हातात जुनी कापडी पिशवी, पिशवीत गरम पाण्याचा थर्मास आणि साबणाशिवाय उकळून धुतलेल्या जुन्या चादरीचे पांढरे तुकडे. धक्क्यावरून चालताना तीन बोटी अलीकडेच ती थांबली, मान जरा वर केली.

"तीन निरनिराळे आहेत," ती म्हणाली. "चौथाही आहे, पण तो लपतोय. आत गेल्यावर बघू."

"मावशी," रेक्स हसत म्हणाला, "बोट म्हणजे लोणी नव्हे हं."

"खरं आहे. लोणी इतकं बिघडलं तर आम्ही डुकरांना घालायचो."

तिने पहिलं काम केलं ते म्हणजे चौदा सुगंधी डब्या काढून एका पोत्यात कोंबल्या आणि पोतं पार धक्क्याच्या टोकाला नेऊन ठेवलं. मग सगळ्या झडपा, खिडक्या, दारं बंद करून बोट दिवसभर उन्हात तापत ठेवायला सांगितली. कोणी आत जायचं नाही. रेक्सला आत जायचंच होतं, कारण त्याच्या चपला आणि वर्तमानपत्र आत राहिलं होतं. मावशी शिडीच्या तोंडावर खुर्ची टाकून बसली. तो अनवाणी क्लबात गेला.

दुपारी तीनला तिने झडप सरकवली आणि एकटीच खाली उतरली. मिनिटभराने वर आली, दहा मिनिटं वाऱ्यात बसली, कोरड्या पावाचा तुकडा चावून चावून खाल्ला, पुन्हा उतरली. असं तीन वेळा. दर वेळी खडूने कुठेतरी फुली मारून यायची. ग्लेनिस वर बसून बघत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या म्हणण्यावर काम करत होतं, आणि त्या नुसत्या बघण्यानेच तिला रडू येईल की काय असं झालं.

"चल," मावशी म्हणाली. "कुबटापासून सुरू करू. रेक्स, तूही ये."

पहिली फुली पुढच्या केबिनमध्ये होती, रेक्सच्याच गादीखाली. गादी उलटी केली तर खालची बाजू काळीकुट्ट, बुरशीने मखमल झालेली. तिच्या खालची फळी उचलली तर आत एक पिशवी, आणि पिशवीत उन्हाळ्याच्या सुरुवातीला शर्यतीनंतर कोंबलेलं मोठं रंगीत शीड. त्याचा आता एकच रंग राहिला होता.

"हे तू धुऊन, वाळवून ठेवलंस म्हणाला होतास," ग्लेनिस म्हणाली.

"ठेवणार होतो."

दुसरी फुली संडासामागच्या जाड पाइपावर होती. मैल्याच्या टाकीकडे जाणारा पाइप. वरून तो स्वच्छ, पांढरा, कोरडा. मावशीने चादरीचा एक तुकडा गरम पाण्यात बुडवून पिळला, पाइपाला गुंडाळला आणि थांबली. तो निवल्यावर सोडवून स्वतः हुंगला, मग रेक्ससमोर धरला.

"मी कशाला? तू तज्ज्ञ आहेस."

"हुंग."

रेक्सने सभ्यपणे, एखाद्या वाइनच्या पेल्याजवळ न्यावं तसं नाक नेलं. पुढच्या क्षणी तो शिडीवरून वर पळाला. बाहेर त्याला ठसके लागल्याचं ऐकू आलं.

"रबर जुनं झालं की घाण त्याच्यातून झिरपते," मावशी ग्लेनिसला म्हणाली. "वरून पुसून काय उपयोग? सगळा पाइप बदलायचा. आणि पाणी ओढणारा पाइपही दर खेपेला गोड्या पाण्याने धुवायचा."

तिसरी फुली बोटीच्या मध्यावर, पायाखालच्या फळीवर. तिच्याखाली बोटीच्या पोटातला खळगा. सगळं गळलेलं, सांडलेलं तिथे जमतं. रेक्सचं या खळग्याविषयी एक ठरलेलं वाक्य होतं. क्लबात तो ते दर आठवड्याला ऐकवायचा: "माझ्या बोटीच्या तळात तुम्ही जेवण वाढून घ्या, इतका स्वच्छ." मावशीने फळी उचलली. बर्फाच्या पेटीतून निथळणारं पाणी थेट तिथे येत होतं. दूध, मटणाचं रक्त, कोळंबीचं पाणी, वर डिझेलची साय, आणि सगळ्याचा मिळून झालेला एक राखाडी थरथरता थर. मावशीने लांब चमच्याने ढवळलं आणि कोळंबीचं एक डोकं वर काढलं.

"वाढलेलंच दिसतंय की," ती म्हणाली.

त्या दिवसाचं काम तिथे संपलं, लपलेला चौथा वास उद्यावर राहिला. संध्याकाळी ग्लेनिसने तळ उपसून साबणाने चार वेळा धुतला, गादी धक्क्यावर काढली, शीड कचऱ्यात गेलं. रेक्स क्लबच्या व्हरांड्यात बसून लोकांना सांगत होता की तो बोटीची मोठी तपासणी करवून घेतोय, माणसाने असं अधूनमधून करावं. दोघी त्या रात्री गावातल्या मोटेलमध्ये झोपल्या. सकाळी ग्लेनिस उठली आणि आरशासमोर दात घासताना थबकली. डोकं दुखत नव्हतं.

बुधवारी सकाळी मावशी थेट मागच्या छोट्या केबिनमध्ये शिरली, ग्लेनिसच्या. लगेचच बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ग्लेनिस, तू इथे झोपतेस?"

"हो."

"किती दिवस?"

"अकरा महिने झाले."

मावशीने पदराशिवायच्या बाईने जसे डोळे पुसावेत तसे मनगटाने पुसले. "हा कुजल्याचा वास नाही, पोरी. कुजलेल्यात काहीतरी ओशटपणा असतो. हा कोरडा आहे, तिखट, धातूचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दोन श्वास घेतले की तो येईनासा होतो. वास गेलेला नसतो. नाक मेलेलं असतं." तिने बिछान्याच्या कडेवर हात ठेवला. "फळी गरम आहे. खाली काय आहे?"

"बॅटऱ्या," ग्लेनिस म्हणाली.

नेमका त्याच वेळी रेक्स शिडीवरून उतरला. मतं मागायला आज क्लबातली दोन जोडपी यायची होती, म्हणून त्याच्या हातात एक नवी मेणबत्ती होती. डोंगरावरची सकाळ. पेटवलेली.

एकोणऐंशी वर्षांची बाई इतक्या चपळाईने तीन पावलं टाकू शकते हे ग्लेनिसने पहिल्यांदा पाहिलं. मावशीने फुंकर घातली नाही, सरळ चिमटीत वात पकडून विझवली.

"बाहेर!" ती ओरडली. "सगळे बाहेर. दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही."

"हे अति होतंय," रेक्स म्हणाला. पण बाहेर आला.

ग्लेनिसने ड्रागोला हाक मारली. ड्रागो तळण अर्धवट टाकून आला, एकदाच खाली वाकून वास घेतला, आणि थेट धक्क्यावरच्या खांबाकडे गेला. तिथला विजेचा मुख्य खटका त्याने आधी पाडला. मग झडपा उघडून अर्धा तास वारा खेळू दिला. मग त्याने आणि ग्लेनिसने मिळून बिछान्याची फळी उचलली.

खाली चार बॅटऱ्या होत्या. तीन नेहमीसारख्या चौकोनी. चौथी भोपळ्यासारखी फुगलेली, झाकण वाकडं, कडेला पांढरी बुरशी धरलेली. तिच्यावर हात ठेवणं शक्य नव्हतं. ग्लेनिसची उशी यायची तिच्या बरोबर वर.

"चार्जर कोणी असा लावून ठेवला?" ड्रागोने विचारलं. "खटका 'जोरात'वर आहे. हा एखाद-दोन तासांसाठी असतो. तुम्ही काय वर्षभर ठेवलाय?"

"जास्त चार्ज झालेली बॅटरी केव्हाही चांगलीच," रेक्स म्हणाला.

ड्रागोने हात घालून कोपऱ्यातली एक नळी चाचपली. या कप्प्यातली वाफ बाहेर जाण्यासाठी असलेली. तिच्या तोंडातून त्याने काहीतरी ओढून काढलं. स्वयंपाकघरातलं फडकं होतं, त्यावर कोआलाचं चित्र.

"पावसाचं पाणी यायचं आत," रेक्स म्हणाला. आवाज आता लिलावाचा राहिला नव्हता.

"आणि अलार्म? विषारी वायूचा अलार्म असतो ना प्रत्येक बोटीवर, तो कुठाय?"

छताला नुसतीच चकती होती, दोन स्क्रू आणि मध्ये रिकामी जागा.

"तो बिघडलेला होता. इंजिन बंद असायचं, चूल बंद असायची, तरी पहाटे पहाटे कोकलायचा. मी दुकानात परत दिला."

ग्लेनिसला आठवलं. पहिल्या महिन्यात तीनदा वाजला होता. तिने विचारलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं. ती पुढच्या केबिनमध्ये गेली, आणि त्याचा मोज्यांचा खण उघडला. ती तिथेच का गेली ते तिला सांगता आलं नसतं. अडतीस वर्षांच्या संसारात नवरा काय कुठे लपवतो एवढं हातांना कळतं. लोकरीच्या जाड मोज्यांच्या गुंडाळीत अलार्म होता, सेल काढलेला.

ड्रागोने तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "चांगला आहे हा. बॅटरी उकळली की जो वायू निघतो, त्यालाही हा वाजतो. बरोबर वाजत होता तो. आणि त्या वायूला ठिणगी पुरते." त्याने मेणबत्तीकडे बोट दाखवलं.

धक्क्यावर सगळे गप्प झाले. ही शांतता ग्लेनिसच्या ओळखीची होती. शेवटचा टाका घालायच्या आधी कापसाचे बोळे मोजायचे, आणि एक कमी भरला की थिएटरमध्ये अशीच शांतता पसरायची. काही सर्जन तेव्हा खाली मान घालून शोधायला लागत. काही सर्जन नर्सला म्हणत, तुला मोजता येत नाही. या दुसऱ्या जातीच्या सर्जनांना ती कधीच घाबरली नव्हती. तोंडावर म्हणायची, मी पुन्हा मोजणार, आणि तुम्ही थांबणार. मग घरी येऊन त्याच जातीच्या माणसाला ती इतकी वर्षं कॉफी करून देत होती.

"रेक्स," ती म्हणाली, "तुझं सामान काढ."

"कुठे काढू?"

"धक्क्यावर. कुठे न्यायचं ते तुझं तू बघ. क्लबामागे ती चाकांवरची खोली, ती कॅरव्हॅन, रिकामी आहे."

"अगं, बोट माझी आहे!"

"कागद दोघांच्या नावावर आहेत. आणि बोटीवर कोणाचं नाव आहे ते जरा मागे जाऊन वाच."

ड्रागोला खोकला आला. तो खोकला बराच वेळ चालला.

पुढच्या पंधरवड्यात ड्रागोने नवीन बॅटऱ्या बसवल्या, त्या इंजिनाजवळ, मोकळ्या हवेच्या कप्प्यात. ग्लेनिसने स्वतः पाइप बदलले. बर्फाच्या पेटीचं पाणी आता एका डब्यात जमायचं, तो ती रोज सकाळी रिकामा करायची. छतात दोन झरोके बसवले, एक हवा आत घेणारा, एक बाहेर सोडणारा. मावशी गेलीच नाही. दर दोन दिवसांनी फडकं घेऊन फिरायची आणि "ठीक" म्हणायची. तिच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नव्हती.

रेक्स कमोडोर झाला. इथे कोणाला धक्का बसायचं कारण नाही, कारण त्याच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. त्या कामाला दर रविवारी सकाळी सातला क्लबात हजर राहावं लागतं. टोपी घालून पहिल्याच सभेत त्याने भाषण केलं. विषय: बोटीवरची हवा आणि आपली जबाबदारी.

"मला पहिल्यापासून संशय होता," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "मी पद्धतशीर शोध घेतला. गरम फडक्याची एक युक्ती मी वापरतो. पाइपाला गुंडाळायचं, हुंगायचं. नाक, मित्रहो, नाक तयार करावं लागतं!"

मागच्या रांगेत आयव्ही मावशीने नाकातून असा आवाज काढला की पुढच्या चार जणांनी वळून पाहिलं. भाषण संपलं, टाळ्या पडल्या, आणि कमोडोरने विचारलं, काही शंका आहेत का. ग्लेनिस उभी राहिली.

"एकच आहे. अलार्म कुठे ठेवावा, हे सांगायचं राहिलं."

"छताला," रेक्स म्हणाला.

"मोज्यांच्या खणात नको ना?"

आधी कोणी हसलं नाही. मग ड्रागो हसला, मग सगळा हॉल. रेक्सने टोपी काढली, डोक्यावरचा घाम पुसला, पुन्हा घातली, आणि चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं. हसणाऱ्यांत सर्वांत मोठ्याने हसत होता तो नेव्हिल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर एक अजब दृश्य होतं. जो तो आपापल्या बोटीत ओणवा होऊन फळ्या उचकटत होता. क्लबातल्या एकतीस बोटींपैकी नऊ बोटींवरचे अलार्म जागेवर नव्हते. काही खणांत सापडले, एक बिस्किटांच्या डब्यात. नेव्हिलचा त्याच्या टूलबॉक्सच्या तळाशी होता, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. जॉइसने तो बाहेर काढून सगळ्या धक्क्याला दिसेल असा धरला, आणि मग तीही दोन दिवस ग्लेनिसकडे राहायला आली.

जूनमध्ये वारे दक्षिणेचे झाले तेव्हा क्लबाच्या बोटी दर हिवाळ्याप्रमाणे उत्तरेकडे निघाल्या. कमोडोरला मात्र क्लबात थांबून रेडिओ सांभाळावा लागला. नियमच तसा होता, आणि नियमपुस्तक रेक्सने निवडणुकीआधी वाचलं नव्हतं. लेडी ग्लेनिस चालवायला स्वतः ग्लेनिस, सोबतीला मावशी, आणि पहिले चार दिवस इंजिन बघायला ड्रागो. ग्लेनिसला वाटलं होतं तेवढं काही ते अवघड नव्हतं. शीड वर करताना तिचे हात दुखले, एकदा नांगर घसरला, एकदा ती वाळूच्या पट्टीवर चढली आणि भरती येईपर्यंत तीन तास बोटीत तिरकी बसून राहिली. मावशीने त्या तीन तासांत तिरक्या चुलीवर तिरके स्कोन भाजले.

केपलच्या बेटांजवळ त्या चार दिवस नांगरून होत्या. चौथ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावरून एक छोटी होडी वल्हवत आली. आत रेक्स होता, टोपीशिवाय. दोन आठवड्यांची सुट्टी घेऊन गाडीने सातशे किलोमीटर आला होता, आणि त्याला वल्हवता येत नव्हतं हे दुरूनही कळत होतं.

तो होडी बांधून वर आला आणि शिडीच्या तोंडाशी उभा राहिला.

"येऊ का आत?"

"ये," ग्लेनिस म्हणाली.

तो उतरला. केबिनमध्ये उघड्या झडपेतून वारा वाहत होता, चहा उकळत होता. त्याने सवयीने तोंड उघडलं, काहीतरी बोलणार तेवढ्यात मिटलं. मग, अडतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, त्याने नुसता एक लांब श्वास घेतला.

"काहीच वास येत नाही," तो म्हणाला.

"यायला नकोच," मावशी म्हणाली.

तो बाकावर बसला, टेबलाच्या कडेवर बोटं फिरवत. "कॅरव्हॅन फार कोंदट आहे गं, ग्लेनिस. सकाळी उठलं की डोकं जड असतं. मी क्लबच्या सेक्रेटरीला सांगितलं, तर म्हणतो ताण असेल."

ग्लेनिसने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर कुठलाही डाव नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण नवीन काहीतरी सांगतोय. तिला हसू आलं, आणि राग आला, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे तिने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला.

"मी राहू?" त्याने विचारलं.

"उद्या सहाला नांगर उचलायचा आहे. पुढचं बंदर दोन दिवसांवर. तिथपर्यंत राहा. पुढचं तिथे बघू. पण या बोटीवर प्रत्येकाला काम आहे."

"माझं कोणतं?"

"मैल्याची टाकी. आणि तळ, रोज सकाळी."

तो काहीतरी म्हणणार होता. कमोडोरची मान जराशी वर आली होती. पण मावशी त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या हातात पांढरं फडकं होतं. रेक्सने चहा संपवला, बाह्या वर सारल्या आणि विचारलं, स्पंज कुठे असतो. ग्लेनिसने सांगितलं. मग तिने टेबलावर सागरी नकाशा उलगडला, पेन्सिल घेतली, आणि उद्याच्या वाटेवरचे खडक एकेक करून बघायला लागली.